खड्डा सोळा हजारांचा, फी कमी पडली सत्तेचाळीस रुपयांनी

हे प्रकरण जिल्ह्याच्या गावातल्या एका बुद्धिबळ मंडळाचं आहे. हिशेब डोळ्यांसमोर यावा म्हणून ते रचलेलं आहे. हॉलचं भाडं आणि खुर्चीचा दर तुमच्याकडे वेगळा निघेल, पण रीत तीच राहील. स्पर्धा एका दिवसाची, जलद प्रकारातली, ९, ११, १३ आणि १५ वर्षांखालच्या चार गटांत. पहिल्या वर्षी प्रवेश फी सरसकट ३०० रुपये होती आणि शेवटी मंडळाला १६,७०० रुपयांचा खड्डा पडला. दुसऱ्या वर्षीची बैठक सुरू झाली तीच या वाक्याने: "फी पाचशे करा, विषय संपला."

विषय संपत नव्हता. फी वाढवण्याआधी खड्डा नेमका कशाने पडला ते पाहायला हवं होतं, आणि त्यासाठी खजिनदारांची वही उघडावी लागली.

पहिल्या वर्षी मुलं किती आली यावर अवलंबून नसलेला खर्च असा होता. मंगल कार्यालयाचं भाडं ९,००० आणि वीज-सफाई १,५००. मुख्य पंच २,५००, दोन सहायक पंच प्रत्येकी १,५००, त्यांचा प्रवास ९००. फ्लेक्स आणि माईक २,१००. जोड्यांच्या, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्याच्या, याद्यांची छपाई ६००. वीस चषक, सरासरी २५० रुपयांचे, म्हणजे ५,०००. रोख बक्षिसं २०,०००. एकूण ४४,६०० रुपये. एकही मूल आलं नसतं तरी यातला बहुतेक खर्च झालाच असता.

दुसरा खर्च डोईवर होता. मुलाची खुर्ची, टेबलातला वाटा आणि सोबतच्या पालकाची खुर्ची मिळून ३५. सहभागाचं पदक ३५, प्रमाणपत्र १२, पोहे आणि पाणी २८. म्हणजे एका मुलामागे ११० रुपये.

मंडळाने १५० मुलं धरली होती. हा आकडा कुठून आला, असं विचारल्यावर उत्तर मिळालं: "व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेवढे लोक आहेत." मंडपवाल्याला, पदकवाल्याला आणि पोहेवाल्याला १५०चीच ऑर्डर गेली. कागदावर १५० गुणिले ३०० म्हणजे ४५,००० आणि प्रायोजकाचे १५,००० मिळून ६०,००० जमा होणार होते, खर्च ६१,१०० होता. हजार-अकराशेची तूट कुणीतरी भरून काढेल, असं ठरलं.

प्रत्यक्षात १०४ मुलं खेळली. त्यातली सहा कार्यकारिणीतल्यांची किंवा ओळखीची, फुकट. जमा झाले ९८ गुणिले ३०० म्हणजे २९,४०० आणि प्रायोजकाचे १५,०००.

आता १६,७०० चे तुकडे करून पाहा. न आलेल्या ४६ मुलांच्या खुर्च्या, पदकं आणि पोहे यांचे ५,०६०. प्रायोजकाने दिले त्याहून जास्त जाहीर केलेल्या रोख बक्षिसांचे ५,०००. फुकट प्रवेशांचे १,८००. हे तिन्ही बाजूला काढले की उरतात ४,८४० रुपये, आणि फी कमी पडली ती फक्त एवढ्यापुरती. १०४ मुलांवर वाटले तर मुलामागे ४७ रुपयेही होत नाहीत. म्हणजे ऑर्डर बेताची दिली असती, बक्षीस हातातल्या पैशांएवढंच ठेवलं असतं आणि घरच्या मुलांचीही फी घेतली असती, तर ३५० रुपयांत स्पर्धा सुटली असती. पाचशेचा प्रस्ताव बाकीच्या तीन चुकांचं बिल पालकांवर फाडत होता.

पाचशे कागदावर चुकीचे नव्हते, हेही मान्य करायला हवं. जुनाच खर्च ठेवला आणि प्रायोजकाचे पैसे वजा केले, तर मुलांच्या फीतून २९,६०० काढायचे राहतात. ५०० मधून ११० गेले की ३९० उरतात, म्हणजे ७६ मुलांत खर्च निघतो. पण पाचशे ऐकून मागे कोण सरकतं ते पाहा. तेरा-पंधराच्या गटातला, दर महिन्याला कुठेतरी खेळणारा मुलगा सरकत नाही. सरकते ती पहिल्यांदा खेळायला निघालेली सात-आठ वर्षांची मुलगी, दोन भावंडांचं घर आणि झेडपीच्या शाळेतली मुलं. तालुक्याहून येणाऱ्या घराला फीवर प्रवास आणि जेवणही पडतं. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून आईलाही आहे. वडील सोबत निघाले की पूर्ण तिकीट. म्हणून छोट्या गटांत मुलांबरोबर आया जास्त दिसतात. पालकाच्या मनातला आकडा हा सगळा मिळून असतो, आपण त्यातला एक भाग ठरवतो, इतकंच.

नव्या वर्षाची मांडणी खर्चापासून सुरू झाली. तारीख पौषातली घेतली, जानेवारीचा दुसरा रविवार. पौषात लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे तेच कार्यालय ७,०००त मिळालं. त्या वर्षी फेब्रुवारीत पाचवी-आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा होती. तेव्हा स्पर्धा ठेवली असती तर अकरा आणि पंधरा वर्षांखालचे दोन्ही गट अर्धे रिकामे गेले असते. पंच मात्र एक वाढवला. तीन पंचांवर चार गट हे आदल्या वर्षीचं दुखणं होतं. नऊ वर्षांखालच्या गटात मुलं अशक्य चाल करतात, राजाला शह असताना भलतीच सोंगटी हलवतात आणि मग दोघंही हात वर करून बसतात. त्या गटाला स्वतंत्र पंच लागतोच. पंचांचे मानधन आणि प्रवास ७,९००. चषक आता २८, कारण प्रत्येक गटात मुलींसाठी दोन वेगळे, म्हणजे ७,०००. फ्लेक्स-माईक १,६००, छपाई ६००, वीज-सफाई १,५००. बेरीज २५,६००. अडीनडीला १,४०० धरून २७,०००.

रोख बक्षिसं या बेरजेत नाहीत. मंडळाने नियमच केला की रोख रक्कम प्रायोजकाकडून येईल तेवढीच, आणि ती बँकेत जमा झाल्यावरच पोस्टरवर जाईल. १५,००० आले, ते असे वाटले: पंधरा आणि तेरा वर्षांखालच्या गटांत प्रत्येकी २,०००, १,५००, १,०००, ७०० आणि ५००, अकराच्या गटात १,३००, ९००, ७००, ४०० आणि ३००. नऊच्या गटात रोख नाही, फक्त चषक. मुलांच्या स्पर्धेत शंभरातली ऐंशी-पंच्याऐंशी मुलं रोख बक्षिसाच्या जवळपासही जात नाहीत. त्यांच्या फीतून वरच्या पंधरांची पाकिटं भरायची, हे आम्हाला पटत नाही. त्यांच्या पालकांनी विकत घेतलेले असतात सहा डाव, नीट लागलेल्या जोड्या, एक प्रमाणपत्र आणि वेळेवर परतीची गाडी. फी या गोष्टींची असावी.

सहभागाचं पदक फक्त नऊच्या गटाला ठेवलं. तिथे ते गळ्यात घालून मुलं घरी जातात, पंधराच्या गटातली मुलं ते खुर्चीवरच विसरतात. डोईवरचा खर्च ८७ वर आला, तो ९० धरला.

कुणीतरी फिडे रेटिंगची (फिडे म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ, रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा त्याचा आकडा) स्पर्धा करा, मग पालक हजारही देतील, असं सुचवलं. इथे पालकांचा नेहमी एक गैरसमज असतो. रेटिंगच्या स्पर्धेत खेळलं म्हणजे रेटिंग मिळतंच असं नाही. नव्या खेळाडूला रेटिंग असलेल्या किमान पाच प्रतिस्पर्ध्यांशी खेळावं लागतं, आणि १ मार्च २०२४ पासून रेटिंगची खालची मर्यादा १४०० आहे, त्याखाली निघालं तर यादीत नाव येतच नाही. जिल्ह्याच्या नऊ-अकराच्या गटात रेटिंग असलेली पाच मुलं एकाच मुलासमोर येणं अवघड. वर प्रत्येक मुलाची राष्ट्रीय महासंघाकडे नोंदणी आणि रेटिंगचं शुल्क. पालकांकडून ज्यासाठी पैसे घ्यायचे ते बहुतेकांना मिळणारच नाही, म्हणून सूचना सोडून दिली.

मग प्रश्न आला, मुलं किती धरायची? आदल्या वर्षी १०४ खेळली होती. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला, त्यामुळे यंदा मुली वाढतील, असा एक उत्साही सूर होता. वाढतीलही. पण फी आशेवर ठरवायची नाही, वाईटात वाईट दिवशी किती येतील त्यावर ठरवायची. त्याच रविवारी शेजारच्या जिल्ह्यात दुसरी स्पर्धा लागली तर? मंडळाने ८५ धरली. २७,००० भागिले ८५ म्हणजे ३१८, अधिक ९०, म्हणजे ४०८ रुपये. ही सरासरी मिळाली पाहिजे. पोस्टरवर छापायची फी वेगळी, कारण सवलती या सरासरीला खालून कुरतडतात.

ठरलं ते असं. २८ डिसेंबरपर्यंत ४००, त्यानंतर स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत ५००. दुसऱ्या भावंडाला ३००. झेडपी आणि नगरपालिकेच्या शाळांतल्या मुलांना २००, जागा दहा. स्पर्धेच्या दिवशी प्रवेश नाही. एकूण जागा १२८. ८५ मुलांचा अंदाज मांडला: ४५ मुलं ४०० ची, २८ मुलं ५०० ची, सहा भावंडं आणि सहा झेडपीची. जमा ३५,०००, खर्च ३४,६५०. साडेतीनशे रुपये वर.

दोनशेची सवलत हा तोटा आहे, असं एका सदस्याचं म्हणणं होतं. खुर्ची रिकामी असेल तोवर तसं नाही. ते मूल आलं तर खर्च ९० ने वाढतो आणि २०० येतात, म्हणजे ११० रुपये हॉलच्या भाड्याला हातभार. तोटा तेव्हा, जेव्हा १२८ जागा भरतात आणि सवलतीचं मूल ४०० देणाऱ्याची जागा घेतं. म्हणून दहा जागा आधीच राखून ठेवायच्या आणि त्या शाळेच्या पत्रावर द्यायच्या, पालकाने काउंटरवर येऊन मागितल्यावर नाही. कुणाला आपली परिस्थिती चारचौघांत सांगावी लागू नये, हेही त्यात साधतं.

पाचशेच्या टप्प्याला 'दंड' म्हणून पाहिलं गेलं. तो दंड नव्हता. लवकर फी भरणारा पालक मंडळाला आकडा देतो, आणि त्या आकड्याची किंमत आदल्या वर्षी ५,०६० रुपये होती. शंभराची सूट ही त्या आकड्याची किंमत आहे. गुरुवार यासाठी की मंडपवाल्याला शुक्रवारी दुपारपर्यंत नक्की सांगावं लागतं. सहा फुटी टेबलावर दोन पट नीट बसतात. तिसरा बसवला तर घड्याळाला जागा उरत नाही आणि शेजारच्या डावातल्या सोंगट्यांना कोपर लागतं. दोन पट म्हणजे चार मुलं एका टेबलावर, १२८ मुलांना ३२ टेबलं, आणि त्या हॉलमध्ये चालायला वाट ठेवून ३४ बसतात. दोन टेबलं हाताशी ठेवून १२८ हा आकडा तिथून आला.

खरी परीक्षा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. क्लास घेणाऱ्या एका सरांचा फोन आला: "माझी अठरा मुलं आहेत. तीनशेने घ्या, सगळी आणतो. नाहीतर बघू." याला नाही म्हणणं जड जातं, कारण अठरा मुलं म्हणजे एक अख्खा गट. पण अशी दोन क्लासेसची ३६ मुलं तीनशेने घेतली असती, तर ८५ च्या अंदाजात ३,६०० रुपये कमी झाले असते आणि साडेतीनशेची शिल्लक ३,२५० च्या तुटीत गेली असती. शिवाय ही गोष्ट लपत नाही. पहिल्या फेरीलाच दोन आया शेजारी बसतात आणि "तुम्ही किती भरले?" हा प्रश्न निघतोच. सरांना सांगितलं की फी सगळ्यांना एकच. तुमच्यासाठी हॉलबाहेर मुलांचे डाव तपासायला एक स्वतंत्र टेबल देतो, चहा-नाश्ता मंडळाचा. सर अठराच्या जागी चौदा मुलं घेऊन आले. हे टेबल जवळजवळ फुकटात पडतं आणि सवलतीपेक्षा सरांना जास्त उपयोगी पडतं, कारण दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात मुलं आणि पालक त्यांना शोधतच असतात.

पैसे घेण्याच्या पद्धतीवर एक परिच्छेद खर्च करायलाच हवा, कारण गोंधळ इथे होतो. आदल्या वर्षी क्यूआर कोड खजिनदारांच्या वैयक्तिक खात्याचा होता आणि पालक ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकत. पैसे वडिलांच्या नावाने आलेले, फॉर्म मुलाच्या नावाने, स्क्रीनशॉट मावशीच्या फोनवरून. ताळमेळ लागेना, आणि दोन मुलांची फी आलीच नव्हती हे स्पर्धेनंतर आठवड्याने कळलं. यंदा क्यूआर मंडळाच्या खात्याचा केला. फॉर्ममध्ये बारा आकडी यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्यावर मिळणारा व्यवहाराचा क्रमांक) सक्तीचा ठेवला, आणि रोज रात्री खात्याच्या विवरणाशी तो जुळवून यादी लावायची असं ठरलं. फॉर्मच्या वरच लिहिलं: यादीत नाव आलं म्हणजे प्रवेश झाला, स्क्रीनशॉट पाठवला म्हणून नाही. यूपीआयवर मंडळाला काही कापून जात नाही. पेमेंट गेटवे लावला असता तर साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी गेला असता, शंभरेक मुलांच्या स्पर्धेला त्याची गरज नाही.

फी परतीचा नियम दोन ओळींचा ठेवला. बुधवारपर्यंत कळवलं तर पूर्ण परत, नंतर नाही. मंडळाने स्पर्धा रद्द केली तर सगळ्यांना पूर्ण परत. "पुढच्या वर्षी वळती करून घेऊ" हा गोड पर्याय टाळला, कारण तो पुढच्या खजिनदाराच्या डोक्यावर बसतो.

पोस्टरवर वयाऐवजी जन्मतारीख छापली. बुद्धिबळात वय वर्षाच्या १ जानेवारीला मोजतात. २०२६ साली अकरा वर्षांखाली म्हणजे जन्म १ जानेवारी २०१५ किंवा त्यानंतरचा. डिसेंबरअखेर अकरा पूर्ण होणार असताना "माझा मुलगा अजून दहाच वर्षांचा आहे" म्हणणारे पालक चुकीच्या गटात फी भरतात, मग जोड्या लागल्यावर मुलाला हलवावं लागतं आणि दोन गट सम-विषम होतात.

हा सम-विषमाचा मुद्दा फीशी थेट जोडलेला आहे. गटात मुलं विषम असली की दर फेरीत एकाला 'बाय' मिळतो. त्याला गुण मिळतो, पण डाव मिळत नाही. चारशे रुपये भरून सहापैकी पाचच डाव खेळलेल्या मुलाचे वडील चिडतात, आणि त्यांचं चुकत नाही. उपाय म्हणजे मंडळाची दोन मोठी मुलं भरतीची खेळाडू म्हणून ठेवायची, फी नाही, बक्षीस नाही. हे पोस्टरवर छापायचं, नाहीतर तोच वादाचा विषय होतो.

स्पर्धेला ११२ नावं आली: नऊच्या गटात ३४, अकराच्या ३८, तेराच्या २७, पंधराच्या १३. दोन गट विषम, दोन्ही ठिकाणी भरतीची मुलं बसली. मंडपवाल्याला शुक्रवारी सांगितलं, ५७ पट, २९ टेबलं. वेळ प्रत्येकी १५ मिनिटं आणि दर चालीला ५ सेकंद. साठ चालींचा डाव चाळीस मिनिटांत संपतो, पुढच्या जोड्यांना दहा मिनिटं. साडेनऊला सुरू करून पाऊण तास जेवणाला दिला तरी सहा फेऱ्या सव्वातीनपर्यंत आटोपतात. पाच मुलं आलीच नाहीत. फी आलेली असल्याने पैशांचं नुकसान नाही, पण यादीवरून आधीच जोड्या लावल्या असत्या तर त्यांच्यासमोरच्या पाच मुलांना पहिल्याच फेरीत न खेळता गुण मिळाला असता. म्हणून साडेआठपासून नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत हजेरीच्या सह्या घेऊन मगच जोड्या लावल्या. नाश्ता मात्र उशिरा आला आणि दुसरी फेरी वीस मिनिटं रखडली. पोहे पहिल्या फेरीआधीच वाटायचे, हे आता वहीत लिहिलेलं आहे.

जमा: ५८ मुलं ४०० ने, ३७ मुलं ५०० ने, आठ भावंडं, नऊ झेडपीची. ४५,९०० रुपये. खर्च ३७,०८०. शिल्लक ८,८२०.

एक गोष्ट नंतर लक्षात आली. पाचशे भरणाऱ्या ३७ पैकी ३१ जणांनी शेवटच्या दोन दिवसांत पैसे भरले, म्हणजे आकडा लवकर कळावा हा हेतू तिथे फसला. कारण साधं होतं. सवलतीची तारीख २८ डिसेंबर ठेवली होती. महिनाअखेर, हातात पैसे नसतात. पगार होतो एक ते पाचच्या दरम्यान. पुढच्या वर्षी सवलत ५ जानेवारीपर्यंत ठेवायची, असं ठरतंय. यंदा तसं केलं असतं आणि ते सगळे ३७ जण चारशेत आले असते, तर ३,७०० कमी जमले असते आणि तरी ५,१२० उरले असते. पण हिशेब ११२ वर करायचा नाही, ८५ वर करायचा. तिथे ७३ जणांनी चारशेच भरले तर २,४५० ची तूट येते. खजिनदारांनी वहीत ४०० खोडून ४३० केलं आहे. ७३ गुणिले ४३०, अधिक सवलतींचे ३,०००, म्हणजे ३४,३९०. २६० रुपये कमी, ते अडीनडीच्या १,४०० मधून जातील. चारशे तीस हा आकडा पोस्टरवर विचित्र दिसेल, असं एकाने म्हटलं. पण क्यूआरवर पैसे येतात, सुट्ट्यांची कटकट कुणाला?